पडद्यामागची जबानी

बंगल्यात खोल्या सहा होत्या, सरंजामावर हक्क सांगणारे दोघे होते आणि चूल एकच होती. नानासो आणि लालासाहेब, सख्खे काका-पुतणे, पाच आठवडे एका छपराखाली राहत होते आणि एकमेकांशी बोलायची वेळ आलीच तर नानासोंच्या विधवा भावजय बनुबाईंच्या मार्फत बोलत होते.

एप्रिलात नानासोंनी हा बंगला भाड्यानं घेतला तेव्हा लालासाहेबाला उंबऱ्याच्या आत घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. पण बनुबाई गोशातल्या. त्यांना हॉटेलात ठेवणं शक्य नव्हतं आणि त्यांची तर साक्ष व्हायची होती. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सांगितलं, साक्षीदार नजरेआड होऊ देऊ नका. मग काय, दोघंही इथंच.

पंचेचाळीस सालचा मे चालू होता. त्या काळी उन्हाळा लागला की मुंबई सरकारचे बडे साहेब महाबळेश्वरला येत, आणि त्यांच्यामागून ज्यांची ज्यांची कामं अडली असतील ती घराणी टॅक्सीच्या टपावर ट्रंका आणि तांदळाची पोती लादून घाट चढत. बायका, स्वयंपाकीण, देवांची पेटी, सगळा बारदाना. साहेबाचं बोलावणं आठ दिवसांत आलं तर नशीब. नाहीतर बसा पाऊस येईपर्यंत.

माणवडीचा सरंजाम म्हणजे आटपाडीच्या अलीकडची साडेतीन गावं. पाणी कमी, दगड फार. पण सरंजामदार वारला की तो सरकारात जमा होई आणि सरकारनं वारस मान्य केला तरच परत मिळे. बनुबाईंचे मालक आप्पासो दीड वर्षापूर्वी निपुत्रिक वारले होते. आप्पासो तिघा भावांतले मधले. थोरले दादासो कधीच गेलेले. लालासाहेब त्यांचा मुलगा. धाकटे नानासो, सांगलीत घर करून राहिलेले. लालासाहेबाची आई, एक विधवा, दादासोंनी पाटानं रीतसर केलेली बायको असेल तर सरंजाम लालासाहेबाचा. ती नुसतीच मळ्यात ठेवलेली बाई असेल तर नानासोंचा. सगळं भांडण तेवढ्यावर होतं.

हा प्रश्न पूर्वी एकदा सुटला होता. दादासो वारले तेव्हा लालासाहेब चार वर्षांचा होता. ती ठेवलेलीच, असं त्या वेळी घरानं ठरवलं आणि गादी आप्पासोंकडे आली. बनुबाई सरंजामदारीण झाल्या त्या अशा.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी पुरुषांची पानं मांडली होती. बनुबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या. नानासोंची बायको लीलाबाई वाढत होती.

"वैनीसाब," नानासो म्हणाले, "सुभेदारांना विचारा, साहेब उद्या किती वाजता येणार."

सुभेदार म्हणजे लालासाहेब. समोरच्याच पानावर बसला होता.

"काकीसाब, काकांना सांगा, धाला."

"म्हणावं, मागच्या सोमवारीबी धालाच येणार हुते."

"म्हणावं, साहेब माझ्या पलटणीत न्हाई."

लीलाबाई फिसकन हसली आणि नवऱ्यानं बघितल्यावर आमटीचं पातेलं घेऊन वळली. नानासोंनी भात कालवता कालवता सुस्कारा सोडला. "पाच आठवडं! सांगलीची सगळी कामं खोळंबली. खाली गावात कुळं सारा द्यायला तयार न्हाईत, तंटे पत्री सरकारची पोरं मिटवत्यात, आन् आमी हितं साहेबाच्या दारात."

"पाच आठवड्यांचं काय घेऊन बसला," लालासाहेब म्हणाला. पहिल्यांदाच तो थेट काकाशी बोलला, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. "वर्षानुवर्षं बसलेली राजाची पोरं हाईत. मी इराणात असताना ऐकलं."

लालासाहेब सैन्यात मोटारगाड्यांच्या तुकडीवर होता. लढाईच्या तीन वर्षांत त्याच्या लॉऱ्या इराणातून रशियाच्या हद्दीपर्यंत माल पोचवत होत्या. तबरीझजवळ त्याला एक म्हातारा ड्रायव्हर भेटला होता, पलीकडच्या गुर्जिस्तानातला. इंग्रज त्याला जॉर्जिया म्हणत.

"त्यांच्यावर सातशे वर्षांमागं मोगलांचं राज्य आलं. आपले दिल्लीचे न्हवंत, त्यांचे पूर्वज म्हणा. मंगोल. राज्य बुडवलं न्हाई. राजाला राजा ठेवलं, सरदारांना सरदार. फक्त काय, गादीवर बसायचं तर खानाचा कागद पायजे. आन् खान कुठं? सा-सा म्हयन्यांच्या वाटंवर."

"हाच घाट," नानासो म्हणाले.

"तर गादीवर एक राणी हुती. तिचा भाऊ राजा हुता, तो मेला म्हणून ती बसली. भावाचा एक पोरगा हुता, डेव्हिड. पण त्याची आई देवळात लग्न लावलेली न्हवती. राणीला सोताचा मुलगा झाला. त्याचंबी नाव डेव्हिडच."

"दोघांचं एकच नाव?" लीलाबाईनं विचारलं. "मग हाक मारली की वळायचं कुणी?"

"मोठा डेव्हिड, धाकटा डेव्हिड. मग आत्यानं मोठ्याला परमुलखात धाडला, जावयाकडं. जावयानं कोंडून घातला. सात वर्षं. तवर सरदारांत दोन तट. निम्मे म्हणत्यात थोरल्याचा पोरगा मेला, निम्मे म्हणत्यात जित्ता हाय. जो तो मंगोल अंमलदाराकडं नजराणा घेऊन पळतोय. तेच सरदार मंगोलांच्या फौजेत परक्या मुलखात लढाया करत्यात. आमच्यावाणी. शेवटी मोठा सुटला, आन् दोघंबी पोरं खानाच्या तंबूबाहेर जाऊन बसली."

"खात काय हुती?"

"घोडीचं दूध."

"शी!" लीलाबाई म्हणाली.

"आमी बरं म्हणायचं," नानासो म्हणाले. "हितं स्ट्रॉबेऱ्या तरी हाईत."

बनुबाईंनी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "त्या आत्याला ठाऊक हुतं?" त्यांनी विचारलं. "पोरगा भावाचाच हाय म्हणून?"

"सगळ्यांना ठाऊक हुतं, काकीसाब. ठाऊक असून काय उपेग? कुणीतरी बोलाय पायजे."

"मग तिचं काय झालं?"

"लेकाची वाट बघत मेली. तो परत आलेला तिला दिसला न्हाई." लालासाहेबानं ताटावरून हात फिरवला आणि उठला. त्यानं काकीकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवणं उरकल्यावर लीलाबाई पानाचं तबक घेऊन बनुबाईंच्या खोलीत आली. बनुबाई पान खात नसत, विधवा झाल्यापासून सोडलं होतं. पण लीलाबाई तबक घेऊन आली की ती काही मनात धरून आली आहे, हे बनुबाईंना वीस वर्षांपासून माहीत होतं.

"अक्कासाब, उद्याचं लय सोपं हाय," ती अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाली. "तुमी खोटं बोलायचंच न्हाई. ते म्हणतील, पाट लागलेला बघितला का? तुमी म्हणायचं, मी तवा सुवासिनी हुते. सुवासिनी पाट बघत असती व्हय? झालं. एवढ्यात सगळं आलं."

"आलं खरं."

"लालानं तुमचं नाव साक्षीला का घातलं हेच मला कळंना. त्याची आई त्याच्या डोसक्यात काय भरवून गेली कुणास ठाऊक." तिनं विडा गालात सारला. "यांनी सांगितलंय, सांगलीच्या घरात तुमची माडी तुमच्याच नावची. देवघरबी तुमच्याकडं. आमच्या दोन्ही सुना तुमच्या हाताखाली. आमाला का सासू हाय दुसरी?"

लीलाबाई वाईट नव्हती. आप्पासोंच्या दुखण्यात ती दोन महिने माणवडीला येऊन राहिली होती, रात्ररात्र जागली होती. बनुबाईंना पुढं राहायचं तिच्याच घरी होतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं.

ती गेल्यावर बनुबाई खाटेवर पडल्या. बाहेर ऊन होतं, पण खोलीत गारठा. महाबळेश्वरच्या भिंती मे महिन्यातही ओल सोडत नाहीत.

पाटाची रीत तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होती. विधवेचं दुसरं लग्न. ते उजेडात लागत नसे. अंधाऱ्या पंधरवड्यातली रात्र बघायची, गावाबाहेर जायचं, दिवा लावायचा नाही. सोबतीला विधवा बायका. सुवासिनीनं ते बघितलं तर तिचं कुंकू पुसतं, नाहीतर कूस उजवत नाही, असं म्हणत. कुठली सुवासिनी बघायला जाईल?

बनुबाईही गेल्या नव्हत्या. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या. औंधाच्या यमाईला मुलासाठी नवस बोलून परत येत होत्या. छकड्याला चारी बाजूंनी पडदे लावलेले. माणवडी कोसभर राहिली आणि एक बैल लंगडायला लागला. गाडीवान छकडा मळ्याच्या कडेला सोडून दुसरा बैल आणायला गावात गेला. बरोबरची म्हातारी कुणबीण घोरत होती. मळ्यात माणसांची कुजबुज ऐकू आली म्हणून बनुबाईंनी पडदा बोटभर सारला.

अंधारात चार-पाच माणसं होती. कुणीतरी म्हणालं, "डोरलं पडलं गा." मग भुसकटात हात चाचपडल्याचा आवाज. दादासोंचा आवाज त्यांनी लगेच ओळखला: "थांबा, काडी वढतो." बाई म्हणाली, "आवं नगा, उजेड चालत न्हाई." आणि दादासो म्हणाले, "न चालायला काय झालं? मी काय चोरी करतोय?"

काडी पेटली. एक पाट, पाटावर बसलेली बाई, हिरवं लुगडं. दादासोंच्या शेल्याला तिच्या पदराची गाठ. वाकून त्यांनी डोरलं उचललं, फुंकर मारली आणि तिच्या गळ्यात बांधलं. काडी विझेपर्यंत एवढंच.

बनुबाईंना मूल झालं नाही. दरवर्षी त्यांना ती काडी आठवे. कुणाला सांगायची सोय नव्हती; सांगितलं असतं तर सासूबाईंनी त्याच महिन्यात आप्पासोंना दुसरी बायको केली असती. म्हणून त्या गप्प राहिल्या. आपण भीतीनंच गप्प राहिलो असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या, आणि बरीच वर्षं ते त्यांना पटत होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेब आलेच नाहीत. ते पाहुण्यांबरोबर घोड्यावरून कुठल्याशा पॉइंटवर गेले होते. आले ते त्यांच्या कचेरीतले चिटणीस विष्णुपंत, वाईचे. बरोबर एक पट्टेवाला आणि दौत. नानासोंनी शेरवानी चढवली होती, हार मागवला होता. तो हार मग विष्णुपंतांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो लगेच काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला.

व्हरांड्यातून दिवाणखान्यात जायच्या दारावर जाड चादरीचा पडदा बांधला होता. आत बनुबाई जाजमावर बसल्या, शेजारी लीलाबाई. बाहेर एका बाजूला नानासो, दुसऱ्या बाजूला लालासाहेब.

"आत बसलेल्या बनुबाईसाहेबच आहेत ना?" विष्णुपंतांनी विचारलं.

"व्हय," नानासो म्हणाले.

"व्हय," लालासाहेब म्हणाला. पाच आठवड्यांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

नाव, वय, नवऱ्याचं नाव. बोरू करकरत होता. मग विष्णुपंत म्हणाले, "कैलासवासी दादासाहेबांनी लालासाहेबांच्या मातोश्रींशी पाट लावला, असं लालासाहेबांचं म्हणणं आहे. आपल्याला याविषयी काय माहिती आहे?"

लीलाबाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला.

बनुबाईंना वाटलं होतं, बोलायची वेळ आली की छाती धडधडेल. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "लावला हुता. मी बघितला."

गुडघ्यावरचा हात तसाच राहिला. बाहेर नानासोंची खुर्ची वाजली.

"वैनीसाब, नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "तुमी तवा..."

"साक्षीदाराशी बोलू नका," विष्णुपंत म्हणाले. "बाईसाहेब, त्या वेळी आपले यजमान हयात होते. सौभाग्यवती स्त्रिया हा विधी पाहत नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलं आहे."

"बघत न्हाईत. मी बघितला." त्यांनी छकडा, बैल, पडदा, सगळं सांगितलं. डोरलं आणि काडी सांगितली. आवाज एकसारखा होता, वाणसामानाची यादी सांगावी तसा. "दादासो म्हणाले, मी काय चोरी करतोय? मग त्यांनी डोरलं बांधलं."

लीलाबाईनं हात काढून घेतला. मग ती बसल्या जागीच सरकली, आपल्या लुगड्याचा घोळ आवरून घेत. बनुबाईंच्या लुगड्याला तो लागू नये इतकी.

"बाईचं नाव?" विष्णुपंतांनी विचारलं.

बनुबाईंनी पडद्याकडे बघितलं.

"बाईसाहेब, पाट लावलेल्या बाईचं नाव सांगा. ते लिहावं लागेल."

घरात तिला मळ्यातली म्हणत. सासूबाई म्हणत, नवरा म्हणे, गडीमाणसं म्हणत. ती वेशीबाहेरच्या मळ्यात तीस वर्षं राहिली, बनुबाई गावात. सणाला तिच्याकडे शिधा जाई, तो मळ्यातलीचा शिधा. तिला नाव असणार, हे बनुबाईंच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या.

नानासो मोठ्यानं हसले. "घ्या! पाट बघितला, नाव ठाऊक न्हाई. लिहा चिटणीस, लिहा हे."

"रंगूबाई," लालासाहेब म्हणाला. "माझ्या आईचं नाव रंगूबाई."

"तुम्ही सांगून चालत नाही," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "साक्षीदारास बाईचं नाव माहीत नाही, चेहरा पाहिला आहे, असं लिहितो. तोंड ओळखाल?"

"ओळखलं असतं," बनुबाई म्हणाल्या.

पडद्याखालून कागद आत आला, शाईची गादी आली. बनुबाईंनी अंगठा उठवला. विष्णुपंतांनी सांगितलं, कागद मुंबईला जातील. निकाल दिवाळीपर्यंत, किंवा पुढच्या उन्हाळ्यात. मग ते हार तिथंच विसरून गेले.

नानासोंनी त्याच घटकेला टॅक्सी बोलावली. ट्रंका बांधताना लीलाबाई एकदा बनुबाईंच्या दारात आली, पण उंबरा ओलांडला नाही.

"एवढी वर्षं गप बसलात, अजून चार दिस बसला असता तर काय झालं असतं?" तिचे डोळे लाल झाले होते. "धाकटीला आठवा लागलाय. तिच्या डोहाळजेवणाच्या पानांवरनं तुमचा हात फिरलाय आक्का. विधवा म्हणून मी अडवलं न्हाई; पर पाट बघितलाय हे ठाऊक असतं तर फिरू दिला असता?"

"मला ठाऊक हुतं," बनुबाई म्हणाल्या. "तरी मी फिरवला. मला हौस हुती."

लीलाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग ती वळली. "आता सांगलीला येऊ नगा," ती जाता जाता म्हणाली. "मी सांगत न्हाई, ह्यांनी सांगितलंय." आणि थोडी पुढं जाऊन, "मीबी सांगते."

टॅक्सी गेली. स्वयंपाकीणही तिच्यात गेली, चूल विझवून. दोन पातेली तेवढी राहिली, ती बंगल्याची होती.

लालासाहेब आत आला तेव्हा बनुबाई खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. तो पाया पडेल असं त्यांना क्षणभर वाटलं. तो पडला नाही. समोरच्या पेटीवर बसला, हातातली टोपी फिरवत.

"तीस वर्षं एका गावात," तो म्हणाला. "आन् नाव ठाऊक न्हाई."

"न्हाई."

"आईनं तुमाला बघितलं हुतं. काडीच्या उजेडात छकड्याचा पडदा हालला, हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. ती मला सांगायची, वाड्यावरची बाई हाय, नवसाला गेली हुती ती. कवातरी बोलंल. मी ल्हान असल्यापासनं ऐकतोय. बाप गेला तवा म्हणली, आता बोलंल. तुमी बोलला न्हाई. मी पलटणीत गेलो तवाबी म्हणत हुती. दोन वर्षांमागं ती गेली, मी इराणात. शेजारणीनं पत्र धाडलं, त्यातबी तेच, काकीसाब बोलतील म्हणावं." टोपी फिरवायची त्यानं थांबवली. "का बोलला न्हाई?"

भीती वाटत होती, हे वाक्य बनुबाईंच्या तोंडापर्यंत तयार होतं.

"पयल्यांदा भ्याले," त्या म्हणाल्या. "ती चार-पाच वर्षं. मग तुझा बाप गेला आन् गादी आमच्याकडं यायची झाली. तवा भीती न्हवती. तवा गादी पायजे हुती. दसऱ्याला मानकऱ्यांच्या बायका माझी वटी भरायला रांग लावायच्या. मला ते आवडायचं, लाला."

लालासाहेबानं मान हलवली. राग आला असेल तर त्यानं दाखवला नाही. तो टोपीच्या आतल्या घामाच्या डागाकडे बघत राहिला.

"मी माफ केलं असं समजू नगा," तो म्हणाला.

"न्हाई समजत."

"तीनला साताऱ्याची मोटार हाय. तिथनं म्होरं उद्या माणवडी." तो उठला. "मळ्यात आईची खोली मोकळी हाय. कौलं मी हितं यायच्या आदी शेकारलीत. दुसरी खोली माझी, मी रजा संपली की जाणार. यायचं असलं तर या."

बनुबाईंनी त्याच्याकडे बघितलं. कपाळ दादासोंचं होतं. बाकी चेहरा दुसऱ्या कुणाचा, काडीच्या उजेडात एकदा बघितलेला.

"लोक काय म्हणतील त्याचा इचार करा," तो म्हणाला. "सरंजामदाराची राणी, म्हणतील, शेवटी ठेवलेल्या बाईच्या खोलीत जाऊन ऱ्हायली."

"रंगूबाई ठेवलेली न्हवती," बनुबाई म्हणाल्या, आणि ट्रंक ओढायला वाकल्या. "मी अंगठा देऊन आलेय."